विमानाचे पट्टे आणि गंगूची खुर्ची

गंगू गेली त्याच्या आदल्या दुपारी आमी दोघांनी वाल सोलले.

भिजवून मोड आलेले वाल परातीत होते. ती खुर्चीत, मी खाली जमिनीवर. तिच्या बोटांत जोर राहिला नव्हता. ती एक दाणा सोलायची तोवर माझी मूठ भरायची. तरी मलाच म्हणायची, "बघा त्याला साल राहिलं. मंग दाताखाली आलं की माझ्या नावानं ओरडताव."

मी म्हटलं, "ओरडणारा पण मीच नि सोलणारा पण मीच. मंग तू कशाला हाय हितं?"

"चुका काढायला," ती म्हणाली.

हसलो दोघं. हसताना तिच्या पाठीत कळ गेली, तोंड वाकडं झालं, तरी हसत राहिली. बाकी काही घडलं नाय त्या दुपारी. आता वाटतं, वाल थोडे जास्ती भिजत घालायला पायजे होते. दुपार लांबली असती.

आमच्या गावच्या दवाखान्यातल्या सिस्टरबाई म्हणाल्या, "काका, तुमी जे केलंत ते लिहून ठेवा. अंथरुणाला खिळलेलं माणूस पुष्कळ घरात असतं." मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. शहापुरात सीट-कव्हर नि ताडपत्री शिवायच्या दुकानात जन्म गेला. मला गोड लिहिता येणार नाय. झालं तसं सांगतो.

कळलं तो दिवस

पाठ दुखते इथनं सुरू झालं. लावणीच्या दिवसांत कोणाची पाठ दुखत नाय? तेल चोळलं, विटेचा शेक दिला, शहापुरात डॉक्टरकडं सुई मारून आणली. लावणी संपली, कापणी आली, दुखणं तिथंच. एक दिवस पाण्याची कळशी उचलताना ती खाली बसली ती उठलीच नाय. आधी ठाण्याला नेली, तिथनं मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात.

काही वर्षांमागं तिच्या छातीतली गाठ काढली होती. आमाला वाटलेलं, ते संपलं. ते संपलेलं नव्हतं.

डॉक्टर पोरगेलासा होता. माझ्या मुलाशी, प्रकाशशी, इंग्रजीत बोलायला लागला. प्रकाश ठाण्याला नोकरीला, त्याला कळत असणार. मी म्हटलं, "डॉक्टर, बायको माझी हाय. मला सांगा, नि मराठीत सांगा."

त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "काका, जुना आजार हाडात पसरलाय. मणका आतून पोकळ झालाय. बरं नाही करता येणार आता. दुखणं कमी करता येईल."

सरळ बोलला. त्याचा मला राग नाय आला. राग आला तो बाहेर येऊन प्रकाशचा. "बाबा, आईला काय सांगायचं नाय," म्हणाला.

"का?"

"खचंल ती."

आपल्याकडं असंच करतात. ज्याला आजार हाय तेवढ्यालाच सांगत नाय, बाकी सगळ्या गावाला ठाऊक असतं.

वार्डात

हॉस्पिटलात दिवस लवकर सुरू होतो. उजाडायच्या आधी फरशी पुसणारा येतो नि खाली झोपलेल्या नातेवाइकांना झाडूनं उठवतो. मंग ताप बघणं, गोळ्या, पाव नि पातळ दूध. डॉक्टरांची फेरी आली की आमाला बाहेर काढायचे. आमी जिन्यात उभे. तिथं सगळी माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत असतात, कोणाचा माणूस आज कसा हाय ते तोंडावरून कळतं.

मी तिला कूस बदलून द्यायला शिकलो. एकट्यानं ओढायचं नाय, खालच्या चादरीसकट वळवायचं. धुणं, पुसणं, भांडं देणं, सगळं शिकलो. पहिल्यांदा भांडं दिलं तेव्हा तिनं तोंडावर पदर घेतला. मी पण भिंतीकडं बघितलं. दुसऱ्या वेळेपासून लाज गेली. तुमच्याही घरात जाईल, घाबरू नका.

एक आयाबाई होती. दुपारी काम नसलं की गंगूचे केस विंचरायची. "मावशे, ह्या वयात काळेभोर केस गो तुजे," असं बोलायची. गंगूनं ते घरी आल्यावर पण किती जणींना सांगितलं. औषधांची नावं आमी विसरलो, ती फणी नाय विसरलो.

शेजारची खाट एका सकाळी रिकामी झाली. चादर बदलली, दुसरी बाई आली. गंगू ते बघत होती. मला जवळ बोलावलं नि म्हणाली, "अवो, मला काय झालंय?"

"पाठीत चमक भरलीय. होईल बरं."

"खोटं बोलताना तुमी पंख्याकडं बघताव. लग्न झाल्यापासून बघत आले मी."

मंग सांगितलं. डॉक्टर बोलला तसंच सांगितलं. मी तिचा हात धरला होता, तो तिनं सोडवून घेतला नि माझ्याच हातावर ठेवला.

"मरायचं तर सगळ्यांनाच हाय," ती म्हणाली. "पण मला बसवा. हा पंखा बघत, कोणतरी चमच्यानं तोंडात ओततंय, असं नाय जायचं मला. आपल्या घरात बसून, ताटात हात घालून जेवंन मी. मंग काय व्हायचं ते होऊ द्या."

बाकी तिनं काय मागितलं नाय, शेवटपर्यंत.

प्रकाशला कळलं की मी सांगितलं. तो माझ्याशी बोलेना. पण ती त्या दिवसापासून आमच्याशी मोकळं बोलायला लागली. म्हणून मी सांगतो, माणूस शहाणा असला तर त्याला सांगा. त्याचंच मरण, त्याच्यापासूनच काय लपवताय?

सुट्टी देताना मी डॉक्टरला विचारलं, "हिला बसवू का?" तो म्हणाला, "पाठीला पूर्ण आधार पाहिजे. खांद्यावर, मणक्यावर जोर यायला नको. दुखलं की लगेच आडवं करायचं. सांभाळून बसवा." नि कमरेला बांधायचा एक जाड पट्टा दिला. तुमी पण आधी डॉक्टरला विचारा, मंगच माझं ऐका.

भाऱ्यासारखं बांधलं

घरी आणली. बसवली की अंग पुढं कलायचं. पाठीत ताकदच नव्हती. मागनं उशी लावली तर आडवी घसरायची. मी पुढनं धरून बसलो तर तिचं तोंड माझ्या छातीत, जेवणार कुठं?

आपला धंदाच बांधायचा-शिवायचा. घरात हातांची लाकडी खुर्ची होती. खाटेला लावायची नवार आणली, तिचे दोन पट्टे केले. आत तिच्याच जुन्या लुगड्याच्या घड्या घालून मऊ केले. दोन्ही खांद्यांवरनं पट्टे मागं नेले नि खाली ओढून खुर्चीच्या पायांना आवळले.

गाडीवर भाताचे भारे चढवले की दोर वरनं टाकायचा नि खाली गाडीच्या साटीला, लाकडी चौकटीला, आवळायचा. जेवढा खाली ओढाल तेवढा भारा घट्ट. आमी सगळे लहानपणापासून हेच करत आलो. मी तसंच केलं.

ती एवढी ओरडली की शेजारची हौसाबाई कुंपणातनं धावत आली. सोडली, आडवी केली. अंग घामानं भिजलं होतं. डोळे मिटून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. नाय व्हायचं ते."

तिनं 'राहू दे' म्हटलेलं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. खुर्ची पडवीत उलटी करून ठेवली मी.

विमान

त्याच आठवड्यात दुकानात निरोप आला. मुरबाडच्या बाजूला एका शेठची मोठी जमीन. त्यात मुरूम टाकून लांब पट्टी केलेली नि पत्र्याची शेड. शेडमध्ये त्याचं छोटं विमान. चार माणसांचं, एका पंख्याचं, जुनं. सीटची कापडं फाटलेली. नि त्यात खांद्याचे पट्टे बसवायचे होते. जुन्या विमानाला नुसते कमरेचे पट्टे होते. शेठचा कोणी दोस्त असाच नुसत्या कमरेच्या पट्ट्यात बसलेला, त्याचं तोंड समोरच्या मीटरांवर आपटलं होतं, तेव्हापासून शेठ घाबरलेला.

मला जायचं नव्हतं. गंगू म्हणाली, "जा. मला येऊन सांगा ते जवळनं कसं दिसतं."

आमचं सापगाव मुरबाडच्याच रस्त्यावर. किन्हवलीवरनं जाणारी एसटी पकडली.

तिथं मुंबईहून आलेले पिंटोसाहेब होते, विमानाचे इंजिनीअर. म्हातारेच, माझ्यापेक्षा थोडे लहान. त्यांनी ताडपत्रीवर पट्टे मांडले होते. एक प्रकार मोटारीसारखा, एका खांद्यावरनं तिरका जाणारा. दुसरा दोन्ही खांद्यांवरनं येऊन मानेमागं एक होणारा. तिसऱ्याला मागं चक्री, हळू वाकलं तर सैल सुटायचा, झटका बसला की जागेवर पकडायचा.

मी विचारलं, "साहेब, नुसता घट्ट बांधला तर काय बिघडतं?"

"पेट्रोल बंद करायचा कॉक खाली आहे बघ. पायलटचा हात तिकडे नाय पोचला तर बांधून मेला तो. पट्टा पकडला पायजे, पण काम पण करू दिला पायजे." म्हणून पुढच्या दोन सीटना चक्रीचे, दोन्ही खांद्यांवरचे ठरले.

मला पहिलीच ताकीद मिळाली. "ऐक, पट्ट्याला तू सुई नाय लावायचा. कंपनीचा शिलाई आहे, त्याचा कागद आहे. तू फक्त छताचा कापड खोल, परत शिव." जन्मभर पट्टे शिवले नि इथं पट्ट्याला हात नाय लावायचा. मी म्हटलं, "मंग मला कशाला बोलावलं? शिंपी बोलवायचा." पिंटोसाहेब म्हणाले, "शिंपीला बोलावला होता. तो विमान बघून पळाला."

आता पट्टा मागं अडकवायचा कुठं? मी सीटच्या मागं बघितलं. खाली जमिनीत कमरेच्या पट्ट्याचे बोल्ट तयार होते. मी म्हटलं, "साहेब, छत कशाला उसवता? इथनंच खाली ओढून घ्या की. मजबूत हाय."

पिंटोसाहेबांनी मला स्टुलावर बसवलं. माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले नि खाली दाबले. जोरात. "आता पुढे वाक."

मी वाकलो नि कमरेच्या वर पाठीत असं काय आवळलं की तोंडातनं आवाज निघाला.

"कळला? माणूस पुढे जाणार, पट्टा त्याला खाली खेचणार. सगळा जोर मणक्यावर. तोंड वाचेल, पाठ मोडेल." मंग त्यांनी हात माझ्या खांद्याच्या मागं धरले, पुढनं मागं, सरळ. "पट्टा असा जायला पायजे. खांद्याच्या लेव्हलला, नायतर थोडा वर. मागे. खाली नाय. आणि पातळ पत्र्याला नाय, छताच्या नळीला. ती नळी सगळा विमान धरते."

मी स्टुलावर तसाच बसून राहिलो. साहेब विचारायला लागले, "काय रे, जास्त दाबला काय मी?"

मी म्हटलं, "साहेब, माझ्या बायकोला मी असंच खाली आवळलं."

त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एक जुना कमरेचा पट्टा घेतला, त्याची कडी मला दाखवली. "हे अजून एक बघ. एका हाताने, एका झटक्यात उघडला पायजे. ज्याला बांधला, त्याच्याच हातात. नायतर तो पट्टा नाय, बेडी आहे." नि तो पट्टा माझ्या पिशवीत टाकला. "विमानाला हा आता चालत नाय. खुर्चीला चालेल."

मेढ

दुसऱ्या दिवशी रविवार होता, प्रकाश घरी. मी म्हटलं, "खुर्ची आण आत, मेढीला टेकव." मेढ म्हणजे आमच्या घराचा मधला लाकडी खांब, सगळं छप्पर त्याच्यावर.

"परत? बाबा, तिचे हाल नका करू आता."

"आण तू."

रागानं आणली त्यानं, पण आणली. खुर्चीचे पुढचे पाय खाली फळी घालून जरा उचलले, म्हणजे अंग मागं रेलंल. गंगूला बसवलं. तिच्या खांद्याची उंची मेढीवर कोळशानं मारली नि त्याच्या दोन बोटं वर खिळा ठोकला. नवारीचे पट्टे खांद्यावरनं सरळ मागं तिथंच नेले. खाली काय ओढलं नाय. कमरेचा पट्टा पोटावर नाय, खाली मांड्यांच्या मुळाशी, दोन्ही हाडांवर, नायतर माणूस खालनं घसरतो. हाताखाली दोन्हीकडं उशा. खांद्याच्या पट्ट्यांची पुढची टोकं पण त्याच्याच कडीत. कडी पुढं, तिच्या उजव्या हाताला.

मी हात सोडले. ती पडली नाय.

प्रकाश समोर उकिडवा बसला होता. म्हणाला, "आये, दुखतंय?"

"दुखतंय ते दुखतंयच रे. पण बसलेय मी." मंग इकडंतिकडं बघितलं. दारातनं अंगण, अंगणातला शेवगा, पलीकडं रस्ता. "शेवग्याच्या शेंगा जून झाल्यात. कोणी काढल्या नाय?"

प्रकाश उठून काठी घेऊन बाहेर गेला. तिथंच उभा राहून रडत होता, आमाला दिसत होता. शेंग एक नाय काढली त्यानं. पण त्या दिवसापासून माझ्याशी बोलायला लागला.

दुपारी तिनं भात नि सुकटीचं कालवण खाल्लं. हातानं. चार घास. "मीठ कमी हाय," म्हणाली.

लोक

गावात बोलणं सुरू झालं. म्हातारा बायकोला खांबाला बांधतो. हौसाबाई तर अंगणात उभी राहून बोलली, "गुरं बांधतात दादा खुट्याला. माणूस नाय बांधत. शरम वाटू द्या जरा."

मी उत्तर द्यायच्या आत गंगू आतनं बोलली, "हौसे, आत ये गो."

हौसाबाई आली. गंगूनं एका हातानं कडीचा खटका ओढला. पट्टे सुटले. अंग पुढं यायला लागलं तसं तिनं हातावर तोललं, नि परत कडी लावली. दम लागला तिला, पण लावली स्वतःच.

"बघितलंस? तुज्या नवऱ्यानं तुला कवा सोडायची कडी दिलीय?"

हौसाबाईला हसू आवरेना. मंग ती रोज यायला लागली. तिचंच बोलणं जास्ती, गंगूचं ऐकणं. कधी दुखणं वाढलं की गंगू तोंड फिरवायची, तेव्हा आमी समजायचो, आडवं करायचं. काही दिवस बसणंच नाय झालं. ते दिवस वाईट. ती छपराकडं बघायची, मी तिच्याकडं.

संध्याकाळी मी मुरबाडहून आलो की ती विमानाचं विचारायची. "आज काय केलंत?"

"छताचं कापड उसवलं. साहेबांनी नळीला पकड बसवली. डावी सीट झाली, उजवी राहिली."

"तेच्यात बसलात का?"

"मला कोण बसवतंय?"

"वरनं आपलं घर दिसत आसंल," ती म्हणाली. "तानसाचं पाणी पण दिसत आसंल सगळं एकदम." तिचं माहेर तानसाकडचं. मी म्हटलं, "दिसत आसंल." पट्टा जरा सैल केला तिचा. मला अजून तिचा खांदा हाताला लागतो, पाखरासारखा झालेला.

गेली तेव्हा

वाल सोलले त्याच्या दुसऱ्या सकाळी तिनं चहा मागितला. बसवली. कमरेची कडी तिनं स्वतः लावली. बशीतला चहा दोन घोट घेतला, बशी माझ्याकडं दिली. मी बशी विसळायला मोरीवर गेलो. आलो तर मान मेढीला टेकलेली, डोळे दाराकडं. मला वाटलं रस्त्यावर कोण चाललंय ते बघते.

मी पण बघितलं रस्त्याकडं. कोणी नव्हतं.

कडी मी सोडली नाय. प्रकाश येईपर्यंत तिच्यापाशी खाली बसून राहिलो. ती बसलेलीच होती, तिला पायजे होती तशी. संध्याकाळी नदीवर नेली. आमच्या वस्तीतल्या मंडळींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. प्रकाशनं अग्नी दिला.

दुसरी सकाळ

दुसऱ्या दिवशी उठलो, तोंड धुतलं, पिशवी घेतली. प्रकाश म्हणाला, "बाबा, कुठं निघालात? माणसं येतील भेटायला."

"तू हायस. उजवी सीट राहिलीय."

"आज?"

घरात मला बसता येत नव्हतं. हौसाबाई अंगणात होती, ती रस्त्यापर्यंत माझ्या मागं चालत आली.

शेडमध्ये पिंटोसाहेब होते. माझं तोंड बघून त्यांना कळलं. टोपी काढली त्यांनी. "घरी जा, बाबा," म्हणाले.

"कापड शिवायचं राहिलंय," मी म्हटलं.

शिवलं. टाके वाकडे आले, उसवले, परत घातले. दुपारच्या आत झालं. मंग साहेब म्हणाले, "बारीक माणसाच्या गळ्याला पट्टा घासतो काय बघायला लागेल. तू बस."

मी चढलो. पहिल्यांदाच. साहेबांनी दोन्ही खांद्यांवरनं पट्टे आणले, कमरेचा खाली हाडांवर घेतला, कडी लावली नि ओढून बघितलं. मागं सरकून लांबनं बघितलं. म्हणाले, "बरोबर आहे. कुठे लागत नाय ना?"

समोर काचेतनं लांब मुरमाची पट्टी दिसत होती, नि तिच्या पलीकडं डोंगर. कालपासून माझं अंग सारखं पुढं पडत होतं, उभा असलो तरी पडत होतं. आता पडत नव्हतं.

"उतर आता, झाला," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, थोडा वेळ बसू द्या."